अंशतः ढगाळ बाबा

दुसरी भाषा माणसाला नेमकी कशी येते, हे जगात फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. त्यातली एक मी!

वय वर्षे पंधरा, शाळेत नदीपलीकडच्या भाषेत शंभरपैकी एकोणनव्वद, आणि वाचनालयातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक निम्म्याहून जरा कमी वाचलेलं. आणखी काय हवं?

पुस्तकात पंडितांची नुसती हाणामारी होती. एक म्हणे, भाषा म्हणजे सवय, घोका आणि ओका. दुसरा म्हणे, बोला, चुका, लोक सुधारतील. तिसरा मात्र माझ्या मनात भरला. तो म्हणे, तान्हं बाळ आधी कितीतरी महिने नुसतं ऐकतं. मोठ्यांनीही तोंड मिटून ऐकावं. भाषा आत झिरपते आणि एक दिवस आपसूक ओठांवर येते. मला तर दिसायलाच लागलं! शब्द कापसासारखे अलगद खाली येताहेत आणि कुणीतरी त्यांच्याखाली शांत पडून आहे.

ते कुणीतरी म्हणजे बाबा.

बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. गेली अठरा वर्षं, मागच्या बिनखिडकीच्या खोलीत. आता नदीपलीकडे नवी शाखा निघणार होती आणि तिथे पुढे, रस्त्यावरच्या मोठ्या खिडकीशी बसून लोकांना चष्मा बसवून देणारा माणूस हवा होता. अट एकच, तिकडची भाषा यायला हवी. तीन आठवड्यांनी मालकीणबाई स्वतः परीक्षा घेणार होत्या. दुसरा उमेदवार म्हणजे काउंटरवरचा फाडफाड. तो कुठलीही भाषा तापल्या तव्यावर फुटाणे उडावेत तशी बोलतो.

"मला नाही जमायचं गं," बाबा म्हणाले. मग हळूच, "पण दिवसभर उजेडात बसायचं... कसं वाटत असेल नाही?"

"बाबा, एकवीस दिवस. त्या भाषेतला एक शब्दही बोलायचा नाही. फक्त ऐकायचं!"

"आणि चुकलं तर?"

"बोलणारच नाही तर चुकणार कसं?"

बाबांना हे फारच पटलं.

मी आमचा जुना रेडिओ दुकानातल्या त्यांच्या मागच्या खोलीत नेला. पलीकडच्या भाषेतलं एकच केंद्र स्वच्छ लागत होतं. काय आवाज होता त्या बाईंचा! दुधावर साय धरावी तसा. मी डोळे मिटले, मिनिटभर नुसता सूर ऐकला, शब्दांकडे लक्षच नाही, आणि बटण हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावून टाकली.

आठ दिवसांत बाबा बदलले. जेवताना मध्येच थांबून हसायचे. संध्याकाळी अंगणात उभे राहून टक लावून वर बघायचे. मी पुस्तकाच्या समासात लिहिलं, 'झिरपतंय!'

आईने मात्र मला मोरीपाशी गाठलं. "त्या रेडिओत कोण बाई असते गं?"

"शिक्षिका समज."

"काल झोपेत हसत होते. मी हलवलं तर म्हणाले, थांब, बाईंचं संपू दे!"

"आई, हे शास्त्र आहे!"

"शास्त्राला म्हणावं, माझ्या घरात गोड आवाजात बोलायचं नाही!"

परीक्षेच्या दिवशी बाबा तीनदा दारातून घरात परत आले, म्हणून मीही दुकानात गेले. मालकीणबाईंनी पलीकडचं एक खरंखुरं गिऱ्हाईक आणलं होतं, व्हायोलिन शिकवणारे एक म्हातारे गृहस्थ. नवा चष्मा चढवला की त्यांना पायऱ्या तरंगताना दिसायच्या. घाबरून ते खुर्ची सोडेनात.

आधी फाडफाड. भिंग, काच, फ्रेम, हमी, सवलत, सगळं एका दमात! मास्तरांना बसल्या जागी आणखी घेरी आली.

मग बाबा. त्यांनी मास्तरांच्या नाकावर चष्मा अलगद ठेवला, कानामागची दांडी बोटाने किंचित वाकवली आणि त्या साईसारख्या सुरात बोलायला लागले. शब्द सगळे त्या भाषेतले, नेमके मी शाळेच्या धड्यात घोकलेले. अर्थ असा:

"आज पहाटे दाट धुके. समुद्र किंचित खवळलेला राहील."

हवामान! मी एकवीस दिवस बाबांना मच्छीमारांसाठीचं हवामान ऐकवलं होतं! आणि बोलायलाच बंदी, म्हणजे घरात कुणाला कळणार तरी कसं?

बाबा संथपणे पुढे निघाले होते. "लहान होड्यांनी किनारा सोडू नये. परवापासून लाटा ओसरतील. दृश्यता वाढत जाईल. त्यानंतर आकाश निरभ्र."

फाडफाड तोंडावर रुमाल दाबून हसत होता. मी टेबलाखाली जागा शोधत होते. आणि मास्तर? त्यांनी एक मोठा श्वास सोडला.

"परवापासून?" त्यांनी विचारलं.

"परवापासून," बाबा म्हणाले.

मास्तर उठले. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. दारापर्यंत गेले, पायरी उतरले, रस्त्यावर उभे राहून त्यांनी वर पाहिलं आणि टोपी काढली.

"इतक्या वर्षांत चष्म्याची भीती कुणी अशी घालवली नव्हती," मालकीणबाई म्हणाल्या. "खिडकी तुमची!"

घरी येताना मी विचारलं, "बाबा, तुम्हाला ते कळत होतं?"

"पहिले दोन दिवस काही नाही. मग संध्याकाळी बाहेर आलो की आभाळाकडे बघायचो. बाईंनी सकाळी सांगितलेलं सगळं वर मांडलेलं असायचं."

मी रात्री पुस्तक उघडलं. न वाचलेल्या पानावर तिसऱ्या पंडिताने ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ऐकलेलं कळलंही पाहिजे, नाहीतर ऐकणं फुकट. असं महत्त्वाचं पहिल्या पानावर नको का लिहायला?

आता महिना झाला. बाबा खिडकीशी बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात, वाट्टेल तशा चुका करतात, शेजारची फुलवाली त्यांना सुधारते. परवा मी आईला घेऊन मुद्दाम गेले. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवून भरलेल्या दुकानाला त्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगितलं. सगळे खो खो हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले!

"काय म्हणाले गं?" आईने विचारलं.

"कौतुक केलं माझं," मी म्हटलं.

केलंही असेल! मला फक्त 'मुलगी' एवढाच शब्द कळला. बाबांनाच विचारलं असतं हो, पण ते दुकानभर माझी 'या मला शिकवणाऱ्या बाई' अशी ओळख करून देतात.