शकुबाईची मोरी आणि रातपाळीचा गुन्हेगार

अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात आपल्याएवढं तल्लख डोकं दुसरं नाही, असं वारलूभाऊंचं प्रामाणिक मत होतं. जिल्ह्याचं मत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पोटापाण्यासाठी ते चुनखडीच्या खाणीवर मजुरांची हजेरी घेत, पण ती आपली वरवरची ओळख. आत एक गुप्तहेर बसला होता. देवाजीची हरवलेली शेळी त्यांनीच शोधली होती. म्हणजे ते नाल्याकाठी शोधत होते आणि ती घरी आली. पण आली ना!

तर सत्त्याऐंशीच्या थंडीत गडचांदूरला शकुबाईच्या खानावळीची मोरी तुंबू लागली. रोज सकाळी खरकटं पाणी उलटं फिरून घरमालक गुणवंतरावांच्या अंगणात जायचं. दुपारी नाली आपोआप मोकळी. बुधवारी गुणवंतरावांनी बजावलं, "शकुबाई, इतवारी अंगनात पानी दिसलं तं खोली खाली करा."

शकुबाईच्या तोंडचं पाणी पळालं, मोरीचं मात्र पळेना. वारलूभाऊही हादरले. खानावळ गेली तर स्वतः रांधावं लागणार, आणि भात त्यांना फक्त खाता येत होता.

"बाई, घाबरू नोका. मी तपास करून राह्यलो. तोवर मोरीले कोनी हात लावाचा नाई. पुरावा हाये तो!"

पहिला संशय समोरच्या खानावळवाल्या रामाजीवर. त्यानंच नालीत पोतं कोंबलं असणार. पण रामाजी पंधरा दिवसांपासून सासुरवाडीला होता.

"हेच तं संशयाचं हाये," वारलूभाऊ म्हणाले. "पंधरा दिवस सासुरवाडीले कोन राह्यते?"

मग सिमेंट कारखान्यातली, खानावळीत जेवणारी पोरं. ती सिमेंटचे हात मोरीत धुतात, सिमेंट आत घट्ट होतं. वारलूभाऊंनी जेवायला बसलेल्या प्रत्येकाची नखं तपासली, भांडी घासणाऱ्या केसरबाईचीही. तपासताना दुसऱ्या हातात वडा होताच. एक ट्रकवाला म्हणाला, "भाऊ, सिमेंट असलं तं दुपारी कसं सुटते?"

वारलूभाऊंनी डोळे मिटले, वडा संपवला आणि डोळे उघडले. "सकाळी गुन्हा, दुपारी शांतता. गुन्हेगार रातपाळीचा हाये! दुपारी झोपते तो."

इतवारी पहाटेच ते घोंगडी पांघरून मोरीपाशी दबा धरून बसले. दात कडाकडा वाजत होते. चिटपाखरूही फिरकलं नाही. उजाडल्यावर, आत काय आहे ते तरी पाहू, म्हणून त्यांनी टाक्यातल्या गार पाण्याच्या पाच बकेटी मोरीत ओतल्या. सगळं पाणी गुणवंतरावांच्या तुळशीपर्यंत गेलं.

"शकुबाई! बांधा बोचकं!" गुणवंतराव ओरडत आले. शकुबाई झारा हातात धरून दारात उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सरका भाऊ," म्हणत केसरबाईनं चुलीवरचं उकळत्या पाण्याचं पातेलं उचललं आणि मोरीत रिकामं केलं. गुडगुड झालं, पांढरे गोळे वर आले, विरघळले आणि नाली वाहू लागली.

"हे काय होय?" वारलूभाऊ चाट पडले.

"मोहाचं तेल. बाईचा भाऊ मुलचेऱ्याहून पाठवून राह्यला ना दिवाळीपासून. वड्याची कढई धुतली का नालीत जाते, न थंडीत तुपावानी गोठते. उन्हानं तापलं का सुटते."

"मंग आधी काऊन नाई केलं?"

"तुमीच म्हटलं, हात लावू नोका. मी बोलाले आली तं माये नखं पाह्यले तुमी."

गुणवंतराव मात्र अंगणाकडेच बघत होते. "पन आज एवढं पानी टाकलं कोनं?"

रामाजीचं नाव वारलूभाऊंच्या अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात त्यांना शकुबाईचा चेहरा दिसला आणि लाजच वाटली.

"म्या टाकलं," ते म्हणाले. "बाईचा कसूर नाई."

गुणवंतरावांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आत गेले आणि खराटा घेऊन आले. "मंग झाडा. बाई, तुमी सैपाकाले लागा."

वारलूभाऊंच्या हयातीत पकडला गेलेला हा पहिलाच गुन्हेगार. दहा वाजेपर्यंत तो अंगण झाडत होता, आणि पहिल्या घाण्याचे चार वडे शकुबाईनं त्याला तिथंच नेऊन दिले.