संपादकांचं पोट

चाळीस वर्षं मी लोकांच्या फजितीवर पोट भरलं. फजिती कुठल्या दाराने येते, येताना काय पांघरून येते, आल्यावर कोणत्या खुर्चीत बसते, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं फार थोड्यांना असेल. त्यामुळे निवृत्त होताना मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं, "आपल्या घरात फजिती शिरणार नाही. मी तिला चालीवरून ओळखतो!"

ती शिरली चार पायांवर. वजन चार किलो दोनशे ग्रॅम.

आमच्या कुत्र्याचं नाव संपादक. नाव मी ठेवलं. आयुष्यात मला भेटलेल्या सगळ्या संपादकांसारखाच तोही माझा मजकूर शांतपणे ऐकतो, चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसू देत नाही आणि ऐन रंगात आल्यावर उठून पाणी पिऊन येतो. फरक एवढाच, की हा परत येतो. रोज दुपारी चारच्या सुमारास मी माझ्या खोलीचं दार लावून त्याला दिवसभराचं लेखन वाचून दाखवतो. एकदा पाणी पिऊन आला, की शेवटच्या ओळीपर्यंत तो हलत नाही! असा श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता.

आणि नेमकं त्याचंच पोट बिघडलं.

"अहो, जरा इकडे या," बायकोने हाक मारली. मग थोडं थांबून, "चष्मा लावून या. आणि बघून पाय टाका."

मी चष्मा लावला. पाय आधीच टाकला होता.

"काही नाही," मी एका पायावर उभं राहून म्हटलं, "साधं अपचन आहे. दोन दिवसांत ठणठणीत करतो. उकडलेला भात, भरपूर पाणी आणि माझी देखरेख. बस्स!"

दोन दिवस भात, पाणी आणि देखरेख, तिन्ही झालं. तिसऱ्या दिवशी देखरेख करणाऱ्याने तीनदा फरशी पुसली आणि बायकोने संपादकांना टॉवेलात गुंडाळून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी मागोमाग गेलो.

डॉक्टरांबद्दल माझा अनुभव दांडगा आहे. मी त्यांच्यावर जन्मभर लिहिलंय. दारातून रोगी आत येतायेताच ज्यांना रोग कळतो, रोग्याने तोंड उघडलं की ज्यांना राग येतो, असे कितीतरी डॉक्टर मी कागदावर रंगवले. तेव्हा मी तयारीतच होतो. टेबलामागे तिशीतली एक शांत बाई होती. तिने संपादकांचं पोट चाचपलं, कानाला नळ्या लावून ऐकलं, हिरड्या पाहिल्या, पुन्हा पोट चाचपलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली,

"मला नक्की माहीत नाही, काका."

मी खुर्चीची कड धरली. सत्तर वर्षांच्या आयुष्यात कुठल्याही डॉक्टरच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं! आणि म्हणताना ती लाजली नाही, घुटमळली नाही. 'पलीकडच्या खोलीत पंखा आहे' इतक्या सहजपणे ती म्हणाली, की मला नक्की माहीत नाही. मी मनातल्या मनात उठून उभा राहिलो.

"दहा कारणं असू शकतात," ती पुढे म्हणाली. "रक्त तपासू. तोवर पोट शांत करायचं औषध देते. बाहेरचं काही खायला देता का? बिस्किटं, लोणी, चीज?"

"छे हो!" बायको म्हणाली. "मी वाटी मोजून भरते. घरात तसलं काही त्याला कोणीच देत नाही. देतं का हो?"

मी तेव्हा भिंतीवरचा मांजरीच्या दातांचा तक्ता बघत होतो. फार सुबक तक्ता होता.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आठवडाभर नोंद ठेवा. किती वाजता, कसं, कुठल्या रंगाचं, किती. रोज संध्याकाळी मला पाठवा. लिहायचं काम कोण करेल?"

बायकोने तोंड उघडलं होतं, पण मी तोवर पेन काढलं होतं!

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्ही अगदी योग्य माणसाला विचारलंत."

आता, माणसाने चाळीस वर्षं लिहिलं की त्याच्याच्याने 'संध्याकाळी सात, पातळ, पिवळं' असं लिहवत नाही. हात वळत नाही तसा. मी पहिल्या दिवशी लिहिलं, 'सायंकाळी सात वाजता गालिच्यावर असा देखावा पसरला, की जणू अस्ताला जाणाऱ्या सूर्याने आपलं सगळं सोनं तिथे सांडलं असावं.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'सांजवेळी संपादकांच्या पोटात रक्तरंजित क्रांती झाली आणि राजवाडा रिकामा करण्यात आला.' स्वतःलाच इतकं आवडलं, की पाठवण्याआधी दोनदा वाचलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन.

"काका, ते सोनं म्हणजे पिवळं का?"

"साधारण पिवळसर."

"मी कावीळ समजून यकृताचं औषध सुरू केलं कालपासून! आणि 'रक्तरंजित' लिहिलंय. रक्त होतं?"

"रक्त असं नव्हतं..."

"मग?"

"क्रांती होती. आवाजाच्या अंगाने."

"काका," त्या म्हणाल्या, "रक्त दिसलं तर रक्त लिहा. नाही दिसलं तर काहीच लिहू नका."

हा सल्ला मला तिशीत मिळाला असता तर माझी निम्मी पुस्तकं वाचली असती. म्हणजे लिहायची वाचली असती.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझ्या क्रांतीपायी संपादकांची सोनोग्राफी झाली. त्यासाठी त्यांचं पोट भादरण्यात आलं. गुलाबी, तुळतुळीत पोट घेऊन ते घरी आले ते थेट सोफ्याखाली गेले. आणि औषधं बदलूनही उतार पडेना. वजन तीन किलो सहाशेवर आलं. बायकोने साखळी हातात घेतली की जो प्राणी चेंडूसारखा उसळायचा, त्याने साखळीचा आवाज ऐकून नुसती एक भुवई उचलली. मग ती पण खाली ठेवली.

त्या दिवशी बायको स्वयंपाकघरात कितीतरी वेळ नळ सोडून उभी होती. भांडी नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही." आमच्या घरात 'काही नाही' हे माझं वाक्य आहे. तिच्या तोंडी ते ऐकून मी पुढे होऊन नळ बंद केला.

आम्ही त्याला पुन्हा दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. टेबलावर संपादक, पायाला पट्टी, डोळे अर्धे मिटलेले.

"रक्तात सूज दिसतेय," त्या म्हणाल्या. "कशामुळे ते कळत नाही. सोनोग्राफीच्या चित्रात आतड्यापाशी एक सावली आहे. काहीतरी अडकलेलं असेल. किंवा नुसता वायू असेल. अडकलं असेल तर पोट उघडावं लागेल, उद्याच. इतक्या अशक्त जिवाला भूल देणं धोक्याचं. न देणंही धोक्याचं. मला खात्री नाही, मावशी. खोटं कशाला सांगू?"

बायकोने एकदा संपादकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पिशवीतून एक वही काढली. जाड पुठ्ठ्याची, निळी.

"ही बघता का?" ती म्हणाली. "सवयीने ठेवली होती."

सांगायचं राहिलं. माझी बायको अठ्ठावीस वर्षं तपासणीच्या लॅबमध्ये होती. आयुष्यभर तिने छोट्या डब्या उजेडात धरून त्यांत काय आहे तेवढंच लिहिलं. काय असावं, ते कधी लिहिलं नाही.

डॉक्टरांनी वही उघडली. पट्टीने आखलेले रकाने! वेळ, रंग, प्रमाण, घट्टपणा, वास, शेरा. अक्षर मोत्यासारखं. डॉक्टर वाचता वाचता पुढे झुकल्या.

"मावशी, हे फोनवर का नाही सांगितलंत?"

"लिहिण्याचं काम ह्यांच्याकडे होतं ना," बायको म्हणाली. "मी मधे पडले असते तर आठवडाभर घरात दोन रोगी झाले असते."

डॉक्टरांचं बोट शेऱ्याच्या रकान्यावरून खाली सरकत होतं. "सोमवार, वाचन, चार दहा ते चार चाळीस. सात वाजता जुलाब. मंगळवार, वाचन. तीन तासांनी जुलाब. बुधवार, वाचन, दीर्घ. दोनदा जुलाब, एक उलटी." बोट थांबलं. "रविवारी वाचन नाही. रविवारी काहीच नाही! हे वाचन म्हणजे काय?"

"हे दार लावून त्याला लिहिलेलं वाचून दाखवतात," बायको म्हणाली. "आवाज बाहेर येतो. मला दिसलं ते लिहिलं. संबंध असेल असं मला वाटलं नाही. म्हणजे, वाटलं होतं एकदोनदा. पण म्हटलं, आपला नवरा आहे."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "काका, त्या वाचनात काय असतं?"

"विनोद असतो," मी म्हटलं.

"तशी खात्री देता येणार नाही," बायको म्हणाली.

"आणि खायला?" डॉक्टरांनी विचारलं. "खायला काय असतं?"

मी भिंतीकडे पाहिलं. मांजरीच्या दातांचा तक्ता तिथेच होता, पण या खेपेला सगळे दात माझ्याकडे बघत होते. टेबलावर संपादकांनी एक डोळा उघडला. साडेतीन किलोचा जीव, पोट भादरलेलं, पायात सुई, आणि तरी त्याने माझ्याविरुद्ध अवाक्षर काढलं नव्हतं!

"क्रीमची बिस्किटं," मी म्हटलं.

"किती?"

"पानाला एक."

"पानं किती?"

"सहा. कधी आठ. विनोदाच्या जागी अर्धं जास्त. म्हणजे तो त्या जागी हलू नये म्हणून." एकदा बोलायला लागल्यावर थांबणं जमेना. "शेवट कमकुवत असला तर दोन. लोणी लावून. आजारी पडल्यावर वाईट वाटायला लागलं, म्हणून जरा वाढवली."

"अहो!" बायको म्हणाली. एवढंच. पण त्या एका शब्दात पाचही रकाने आणि शेरा होता.

"तिसऱ्या खणात ठेवतो," मी कबुली पूर्ण केली. "महत्त्वाच्या कागदांबरोबर."

"मी समजत होते ती तुम्ही खाताय!" बायको म्हणाली. "म्हणून तर तुमचीही नोंद ठेवली."

डॉक्टरांनी वही उलटी करून मागून उघडली. पान आखलेलं होतं. 'ज्येष्ठ नर. वजन अठ्ठ्याहत्तर. भूक उत्तम. सायंकाळी चिडचिड. साखर वाढलेली नाही; कारण कळत नाही.'

डॉक्टर हसल्या नाहीत. हे मी कधीही विसरणार नाही. त्यांनी वही मिटली, ती दोन्ही हातांनी बायकोला परत दिली आणि म्हणाल्या, "लहान कुत्र्यांना इतकं तेलकट-गोड झेपत नाही. स्वादुपिंडाला सूज येते. इथे दोन दिवस वाचन झालेलं नाही आणि आज पहाटेपासून उलटीही नाही. उद्याचं ऑपरेशन थांबवते. सावली वायूची असावी. पण मला अजूनही नक्की माहीत नाही. आणखी एक दिवस बघू."

आम्ही एक दिवस बघितलं. दुसऱ्या दिवशी संपादकांनी चमचाभर पातळ भात खाल्ला आणि तो आतच ठेवला. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने "संपादकांना न्यायला आलेत!" अशी हाक दिली, तर ते स्वतःच्या पायांनी चालत आले, माझ्यापाशी थांबले, माझे दोन्ही खिसे हुंगले आणि बायकोकडे गेले.

घरी आल्यावर तिसरा खण रिकामा करण्यात आला. किल्ली बायकोकडे. आता संपादकांचं वजन चार किलो शंभर आहे, पोटावर मऊ केस उगवलेत आणि रोज सकाळी काय होतं ते निळ्या वहीत एका शब्दात लिहिलं जातं: 'उत्तम.' मी चाळीस वर्षांत इतकं नेमकं वाक्य लिहिलेलं नाही. पक्कं ठरवलं होतं, की यापुढे डॉक्टरांवर लिहायचं नाही. पण या एका बाईंवर आणि त्या एका वहीवर लिहिल्याशिवाय राहवेना. म्हणून हा लेख लिहिला.

काल दुपारी चार वाजता तो संपादकांना वाचायला घेतला. बिस्किटांशिवाय. दुसऱ्या ओळीला ते उठले. वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. दाराशी जाऊन त्यांनी पंजाने दार खरवडलं. मी उघडलं. ते गेले. परत आले नाहीत.

मी कागद हातात धरून बसलो. तेवढ्यात बायको आत आली, हात पदराला पुसत संपादकांच्या जागेशेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "वाचा."

"तू ऐकणार?"

"वाचा म्हटलं ना."

मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती मधे बोलली नाही, उठली नाही, पाणी प्यायली नाही. क्रांतीच्या जागी तर चक्क ओठ दाबून हसली, आणि डॉक्टरांच्या 'नक्की माहीत नाही'पाशी तिने डोळ्यांना पदर लावला. मनात म्हटलं, इतकी वर्षं मी चुकीच्या श्रोत्याला बिस्किटं घातली!

"कसं वाटलं?" मी विचारलं.

ती उठली, बाहेर गेली, जरा वेळाने निळ्या वहीचं पान मिटत परत आली आणि वही टेबलावर ठेवून चहा टाकायला गेली. मी हळूच मागचं पान उघडलं. शाई अजून ओली होती.

'ज्येष्ठ मादी. वाचन, चार दहा ते चार पस्तीस. बिस्किटांशिवाय. किंचित मळमळ. उलटी नाही.'