सापडलेल्या माणसास उचलण्याबाबत

आमच्या ह्यांचा पाय मुरगळला आहे, ही घटना अधिकृतरीत्या अजून घडलेली नाही. समोर दगडावर बसलेत ना, ते आमचे हे. घोटा सुजून भोपळा झालाय. तो तुम्हाला दिसतोय, मला दिसतोय, पण राष्ट्रीय उद्यानाला दिसत नाही. तुम्ही थांबून 'काय झालं हो?' विचारलंत म्हणून सांगते.

डॉक्टरांनी ह्यांना चालायला सांगितलं. चालायला म्हणजे घराभोवती. पण हे परवाना खात्यात अधिकारी. साधं काम साधेपणाने उरकणं ह्यांच्या रक्तातच नाही. आधी बूट आले, मग काठी आली, मग जिथे तिथे खिसे असलेलं जाकीट आलं, मग होकायंत्र. एवढा सरंजाम जमल्यावर त्याला साजेसा डोंगर नको? म्हणून हे, मी, लेक आणि सासूबाई अशी आमची वरात इथे आली. सासूबाई रोजच्या चपला घालून सगळ्यांच्या पुढे तुरुतुरु चालत होत्या. हे मात्र प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय पाऊल उचलत नव्हते. 'पुढे वाट निसरडी आहे' ही पाटी वाचता वाचताच घसरले.

पाटीखाली मदतीचा नंबर होता. लावला.

"नमस्कार, शोध व बचाव कक्ष. आपण हरवला आहात का?"

"नाही हो. नवऱ्याचा पाय मुरगळलाय. उभंसुद्धा राहता येत नाही."

"आपण कुठे आहात हे आपल्याला माहीत आहे?"

"आहे ना. धबधब्याच्या वरच्या वळणावर, पाटीजवळ."

"मग आपण हरवलेले नाही," फोनवरच्या बाई मधाळ आवाजात म्हणाल्या. "आमच्याकडे फक्त हरवलेले येतात. दुखापतीसाठी उपचार केंद्र आहे, खाली प्रवेशद्वाराशी. रुग्णाने समक्ष यायचं."

"अहो, त्यांना चालता येत असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता?"

"ते आपण तिथे समक्ष येऊन सांगा."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि हे? दुखऱ्या पायावर फुंकर घालत मान डोलावत होते. म्हणे, "बरोबर आहे त्यांचं. समक्षच लागतं. मी तरी समक्ष आल्याशिवाय कुणाचं काम करतो का?"

लेक हुशार. ती म्हणाली, "आई, मग आपण हरवलोय असंच सांग ना." पुन्हा नंबर फिरवला. रडवेला आवाज काढून मी "आम्ही हरवलोय हो, कुठे आहोत काही कळत नाही" म्हणते न म्हणते, तोच मागून हे ओरडले, "धबधब्याच्या वरचं वळण! होकायंत्र आहे माझ्याकडे! चुकीची माहिती देऊ नकोस!"

पलीकडच्या बाईंनी ह्यांचे आभार मानले आणि मला नियम समजावला. होकायंत्र बाळगणाऱ्या माणसाला स्वतःहून हरवता येत नाही, त्याला घरच्यांनी हरवावं लागतं. म्हणजे घरातल्या कुणीतरी 'आमचा माणूस दिसत नाही' असं कळवायचं. झालं! खोटं बोलायचं नाही यावर हे अडून बसले. मला वाटलं, ह्यांचा दुसरा पायही आपणच मुरगळावा.

शेवटी सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. डोळ्यांवरचा चष्मा काढून नातीकडे दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "बाळ, माझा मुलगा मला दिसत नाही गं."

"अरेरे! शेवटचा कधी दिसला, आजी?"

"आत्ताच. चष्मा होता तोवर."

चष्म्याबद्दल त्यांच्याकडे काही नियम नसावा. "धीर सोडू नका आजी, पथक निघालं," बाई म्हणाल्या.

पथक यायला वेळ लागला. तोवर कड्यावरून ढग खाली उतरायला लागले. तुम्हाला खरं सांगू? तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. अंधार पडला तर ह्या माणसाला घेऊन मी इथे करायचं काय? ह्यांना थंडीने हुडहुडी भरली होती, आणि तरी मलाच म्हणतात, "तू घाल माझं जाकीट." असला हा माणूस. डोक्यात जातो आणि जीवही तुटतो.

मग आलं एकदाचं पथक. नारिंगी कपड्यांतले चार धट्टेकट्टे तरुण, दोरखंड, शिट्ट्या, स्ट्रेचर, सगळा जामानिमा. पथकप्रमुखाने दगडावर बसलेल्या ह्यांनाच विचारलं, "काका, इथे कुणी हरवलेले गृहस्थ पाहिलेत का?"

"मीच तो," हे म्हणाले.

"कशावरून?"

सासूबाईंनी चष्मा लावला, ह्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हाच." लगेच शिट्ट्या वाजल्या, टाळ्या झाल्या. चौघांनी ह्यांना मधे घेऊन फोटो काढला.

"चला, उचला आता," मी म्हणाले.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? ह्यांना!"

"मावशी, काका सापडले. आमचं काम झालं," पथकप्रमुख समजुतीच्या सुरात म्हणाला. "हरवलेल्याला शोधणं आमच्याकडे. सापडलेल्याला उचलणं वहन विभागाकडे."

"मग हे स्ट्रेचर काय मिरवायला आणलंत?"

"ते सोबत असावंच लागतं. वापरायचं तर वहन विभागाची परवानगी हवी. ती मिळते हो लगेच, फक्त उपचार केंद्राचा दाखला जोडायचा. आणि दाखल्यासाठी रुग्णाने..."

"समक्ष," हे म्हणाले.

या खेपेला मान डोलावली नाही ह्यांनी. माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाले, "खूप दुखतंय गं." डोळ्यांत पाणी होतं. उभ्या संसारात मी ह्यांना असं पाहिलं नव्हतं. पथकाने आम्हाला शुभेच्छा दिल्या आणि ते रिकामं स्ट्रेचर चौघांनी चारी कोपऱ्यांना धरून, जपून, खाली नेलं.

तेव्हापासून इथे माणसांची रीघ लागली आहे. एक काका संतापून 'जाब विचारला पाहिजे!' म्हणाले आणि धबधबा बघायला गेले. एका बाईंकडे मलम होतं, पण ते बॅगेत अगदी तळाशी. एका तरुणाने ह्यांच्या घोट्याचा व्हिडिओ काढला. 'हे लोकांना कळायलाच हवं' म्हणाला आणि ह्यांना जरा उजेडाकडे वळायला लावलं. सगळी भली माणसं हो. हळहळून गेली. ह्यांना हात लावायचं मात्र एकाच्याही मनात आलं नाही.

तुम्ही तसे नाही. तुम्ही थांबलात, सगळं ऐकून घेतलंत. सासूबाईंच्या चष्म्याला हसलात, त्या पथकाच्या नावाने बोटं मोडलीत, 'यंत्रणाच सडलीय हो' असंही म्हणालात. अगदी माझ्या मनातलं बोललात. आता असं करू या. ढग आणखी उतरायच्या आत निघू. उजवीकडून लेक बाबांना धरते, सासूबाईंचा हात मी धरते. डावा खांदा तेवढा रिकामा आहे. उताराचीच वाट आहे, तुम्हाला फार जड जाणार नाही...

अहो! अहो, कुठे निघालात?