घड्याळ पाहणारा पाहुणा

गेल्या जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी, आमच्या बान लेमसाई गावच्या मुष्टियुद्धाच्या मैदानात, पहिल्या रांगेतल्या चौथ्या खुर्चीवर बसलेल्या परदेशी पाहुण्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. ही घटना नोंदवहीत माझ्या अक्षरात आहे. मी पाहुणे-समाधान समितीचा सचिव आहे आणि माझ्या अक्षराला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत.

त्या क्षणी रिंगणात काम्पान गुरुवंदना करत होता. आमच्याकडे पहिला ठोसा मारण्याआधी गडी दोरांच्या कडेने फिरतो, चारी कोपऱ्यांना हात लावतो, गुरूच्या दिशेने गुडघे टेकून तीनदा वाकतो आणि सनईवर संथ नाचतो. मग गुरू त्याच्या डोक्यावरचं पवित्र कडं, मोंगकोन, आपल्या हाताने उतरवतात. ते उतरल्याशिवाय घंटा होत नाही. काम्पानचे गुरू बुनलुए गुरुजी. वय सत्त्याहत्तर, दोन्ही डोळे गेलेले. शिष्य कुठे चुकला हे ते पावलांच्या आवाजावरून सांगतात. बाकीचे गडी दोन मिनिटांत उरकतात. गुरुजींच्या पद्धतीला सहा मिनिटांच्या वर लागतात.

सोमवारी तातडीची बैठक झाली.

"पाहुणा कंटाळला," अध्यक्ष पिचेतसाहेब म्हणाले.

व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधी म्हणून लामाई मावशी समितीवर आहेत. मैदानाबाहेर त्यांची शेवयांची गाडी आहे. त्या म्हणाल्या, "अहो, तो दोन्ही वेळा माझ्याकडेच तर खातो. विचारते की उद्या, बाबा रे, घड्याळात का बघत होतास?"

सगळे दचकले.

"विचारायचं? पाहुण्याला? तोंडावर?" पिचेतसाहेब म्हणाले, "मावशी, भीड म्हणून काही असते की नाही माणसाला?"

आमच्या गावात पाय मोडलेला माणूससुद्धा डॉक्टरची झोपमोड कशी करायची, म्हणून उजाडेपर्यंत तसाच पडून राहतो. पाहुण्याला प्रश्न विचारणं तर फारच झालं. त्याचं नावदेखील समितीला ठाऊक नाही, कारण विचारायला भीड वाटली.

"भीड ही भिकेची बहीण," मावशी पुटपुटल्या. मी नोंदवहीत लिहिलं, 'सदस्यांनी एकमताने सहमती दर्शवली.' गुरुवंदना तीन मिनिटांवर आली.

पुढच्या शुक्रवारी पाहुण्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. समितीने एक मिनिट केलं. तिसऱ्या शुक्रवारी त्याने दोनदा पाहिलं, एकदा नाच सुरू होताना आणि एकदा संपताना. म्हणजे असमाधान दुप्पट झालं, हे शेंबडं पोरही सांगेल. वीस सेकंद ठरले. सनईवाल्याने छातीत श्वास भरला तोवर वेळ संपली. तो श्वास त्याला तसाच घरी न्यावा लागला.

आता वीस सेकंदांत सगळा आदर काही मावेना. उरलेल्या आदरासाठी मी नमुना सात तयार केला, 'गुरुविषयक कृतज्ञतेचं स्वयंघोषणापत्र', तीन प्रतींत. खाली गुरूंची सही आणि गुरू असल्याचा दाखला. बुनलुए गुरुजींकडे दाखला नव्हता. पन्नास वर्षं ते चिंचेखाली शिकवत आले आणि चिंचेला शिक्का नसतो.

"मग ते गुरू आहेत कशावरून?" पिचेतसाहेबांनी विचारलं.

"साहेब, अर्ध्या तालुक्याला त्यांनी शिकवलंय," मी म्हणालो. "मीसुद्धा तीन वर्षं होतो त्यांच्याकडे."

"अर्ध्या तालुक्याने तसं लेखी दिलंय?"

दिलं नव्हतं. दाखला सबंध गावात एकाच माणसाकडे निघाला. 'अतिथी-अनुभव संवर्धन' या विषयाच्या अर्ध्या दिवसाच्या शिबिराला मी गेलो होतो, जेवणासकट. त्या आधारावर यापुढे सर्व मुष्टियोद्ध्यांचा अधिकृत गुरू म्हणून माझी नेमणूक झाली. मी हरकत घेणार होतो. पण सगळे इतक्या प्रेमाने टाळ्या वाजवत होते, की मलाही भीड वाटली.

पाचव्या शुक्रवारी काम्पानची शेवटची लढत होती. वय चौतीस, डावा गुडघा कामातून गेलेला. त्यानंतर तो मेहुण्याच्या रबराच्या मळ्यावर जाणार होता. आदल्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला.

"दादा, हरलो तरी चालेल. गुरुजींना एकदा पुरता नमस्कार घालू द्या. त्यांना दिसत तर नाहीच, पण पावलं ऐकू येतात. तीही किती दिवस, कुणी सांगावं?"

"अरे, मग वीस सेकंदांत मनापासून कर ना!"

"माझे नुसते गुडघे टेकायलाच वीस सेकंद लागतात, दादा. तुम्ही तरी असं बोलू नका. तुम्ही शिकलाय त्यांच्याकडे."

"मुदतवाढीचा अर्ज कर," मी म्हणालो.

"कधीपर्यंत?"

"कालपर्यंत होता."

तो लंगडत निघून गेला. मला लाज वाटली. सचिवाला लाज वाटण्याची तरतूद नसल्याने ती मी कुठे नोंदवली नाही.

शुक्रवारी गुरुजींना आम्ही सन्मानाने पास दिला होता, तिसऱ्या रांगेत, खांबामागचा. रिंगणाच्या कोपऱ्यात गुरूच्या जागी मी उभा होतो, गळ्यात दाखला. सनई सुरू झाली. काम्पान माझ्यासमोर आला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग तो पाठ फिरवून खांबाच्या दिशेने गुडघे टेकून बसला. विसाव्या सेकंदाला वेळ संपल्याचा कर्णा वाजला. तो उठला नाही. सनईवालाही थांबला नाही, तीन आठवड्यांचे श्वास त्याच्याकडे साठलेले होते. मग काम्पान नाचला. फार छान नाचला.

नाच संपल्यावर मोंगकोन उतरवायला मी हात पुढे केला.

"दादा, हात लावू नका," तो हळूच म्हणाला.

मावशींचा हात धरून गुरुजी चाचपडत दोरांपर्यंत आले. काम्पानने दोरावरून मान खाली केली. गुरुजींनी एका हाताने कडं काढलं, दुसऱ्या हाताने त्याचं डोकं कुरवाळलं आणि ते म्हणाले, "उत्तरेच्या कोपऱ्यात डावं पाऊल ओढलंस, गाढवा."

काम्पान लहान मुलासारखा रडला. पिचेतसाहेबांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. अनधिकृत इसमाने मोंगकोन उतरवल्यामुळे काम्पान बाद, आणि तोवर एकही ठोसा न मारलेला प्रतिस्पर्धी विजयी! काम्पानला ते ऐकूही आलं नसावं.

गर्दी पांगल्यावर पाहुणा स्वतःच माझ्याकडे आला. त्याच्या हातात लहानशी वही होती. त्याचं बोलणं मावशींनी सांगितलं.

"तो म्हणतोय, पहिल्या शुक्रवारी सहा मिनिटं चाळीस सेकंद होती. ती बघून त्याने परतीचं तिकीट पुढे ढकललं. असला धडधाकट गडी एका आंधळ्या म्हाताऱ्यापुढे इतका वेळ वाकलेला त्याने जन्मात पाहिला नव्हता, म्हणून वेळ लिहून ठेवत होता. मग दर आठवड्याला नाच आखडत गेला. त्याला वाटलं, आपल्याच हातून काही आगळीक झाली."

"मग त्याने विचारलं का नाही?" मी ओरडलोच.

मावशींनी त्याला विचारलं. तो लाजून काहीतरी पुटपुटला.

"भीड वाटली म्हणे," मावशी म्हणाल्या. "इथे राहून लागण झाली मेल्याला."

पाहुण्याची तक्रार समितीने अत्यंत गांभीर्याने घेतली. आता गुरुवंदना प्रत्येकाला सक्तीची आहे, सहा मिनिटं चाळीस सेकंद. एक सेकंद कमी पडला तरी गडी बाद. काम्पान मळ्यावर आहे आणि गुरुजींना दाखला नाही, तेव्हा नाच शिकवतो मी. गुरुजींच्या नाचातला दोन मिनिटांपुरताच मला येतो. तोच साडेतीन वेळा करायला लावतो.

आता तुमच्यापुढे एक कबुली. काम्पान त्या संध्याकाळी कसा नाचला, ते मी या कथेत अकरा पानं लिहिलं होतं, एकेका पावलासकट. मग वाटलं, वाचक घड्याळ पाहील. म्हणून 'फार छान नाचला' एवढंच ठेवलं. तुम्हाला विचारणार होतो, पण भीड वाटली. आणि तुम्हालाही तिथे काही चुकल्यासारखं वाटलं नाही, तुम्ही सरळ पुढच्या ओळीवर गेलात. नोंदवहीत मी लिहून टाकलं आहे: वाचक समाधानी.