काटा दोनशे दहावर

"काटा चढतोय," सासरे म्हणाले आणि भर दुपारी त्यांनी गाडीचा एसी बंद केला.

शेजारी बसलेल्या सुनेने काच खाली केली. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. सासऱ्यांशी तिचं बोलणं 'चहा ठेवू का?' आणि 'ठेव' याच्या पुढे गेलंच नव्हतं. आज तिच्या वडिलांना ऑपरेशननंतर घरी सोडलं होतं. नवऱ्याला सुट्टी मिळेना, सासूबाईंना गाडी लागते. तेव्हा सासरेच म्हणाले, "मी नेतो पोरीला."

त्यांचा या जुन्या गाडीवर भारी जीव. गेल्याच आठवड्यात त्यांनी इंजिन ऑइलचं तापमान दाखवणारं मीटर स्वतःच्या हाताने बसवलं होतं.

"एकशे तीसच्या वर गेलं की ऑइल पाण्यासारखं पातळ होतं," त्यांनी समजावलं. "मग इंजिन आतल्या आत घासतं. खेळ खलास!"

काटा एकशे साठवर होता. सुनेने वाकून पाहिलं. मीटरच्या काचेखाली कोपऱ्यात बारीकसा 'एफ' होता. मीटर फॅरनहाइटचं होतं आणि सासरे ते सेल्सिअस समजून वाचत होते. म्हणजे इंजिन अगदी मजेत होतं! कालची आलेली सून, ती सासऱ्यांची चूक काढणार?

चढ लागला. काटा दोनशेवर गेला. सासऱ्यांनी वेग इतका कमी केला की एक सायकलवाला हात हलवून पुढे निघून गेला.

"आता हीटर लावावा लागणार."

"हीटर?"

"इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायची. त्याला तेवढाच आराम."

इंजिनाला आराम पडला, पण आतली दोघं वांग्यासारखी भाजून निघाली. पुढे एका झाडाखाली थांबून त्यांनी बॉनेट उघडलं, चष्मा पुसला, मग मीटरची काच पुसली. बराच वेळ पुसली. पुन्हा निघाले. हीटर चालूच.

तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, कुठे आहात? हे दारात खुर्ची टाकून बसलेत. पाय सुजलाय, पण तू आल्याशिवाय आत यायला तयार नाहीत."

सुनेचे डोळे भरून आले. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"बाबा, रागावू नका. त्या मीटरवर 'एफ' लिहिलंय."

सासरे समोर बघतच म्हणाले, "माहितीये. मघाशी काच पुसताना दिसलं."

"मग हीटर?"

"बंद करायला कारण सांगावं लागलं असतं. एवढं व्याख्यान झोडल्यावर तुला काय तोंड दाखवू?" ते ओशाळून म्हणाले. "तुला कधी कळलं?"

"निघालो तेव्हाच."

"आणि इतका वेळ भाजत बसलीस?"

"तुम्हाला कसं सांगायचं?"

दोघांनी एकमेकांचे घामेजलेले चेहरे पाहिले आणि दोघांना एकदमच हसू फुटलं. सासऱ्यांनी हीटर बंद केला, गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून सुनेच्या बाजूचं दार उघडलं.

"चल, तू चालव."

"मी? पण तुम्ही तर ह्यांनासुद्धा चालवू देत नाही…"

"त्याचे वडील दारात वाट बघत नाहीयेत. तुझे बघतायत."

सुनेने सीट पुढे ओढली आणि गाडी सुसाट सोडली. काटा दोनशे दहावर गेला.

"बाबा, चढतोय हं."

सासऱ्यांनी खिशातला रुमाल काढून मीटरवर टाकला.

"चढू दे," ते म्हणाले.