साहेबांचा उजवा गाल

"प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी या खोलीला दुकान ठरवू शकणार नाही!" सलूनवाल्यांनी गर्जना केली. पण एका हातात कात्री, दुसऱ्या हातात कंगवा आणि डोक्यामागे 'उधारी बंद' ही पाटी असल्यामुळे गर्जनेला म्हणावा तसा उठाव आला नाही.

"आधी ती पाटी काढा," बायको म्हणाली.

नगरपालिकेचे करनिरीक्षक गल्लीत शिरले होते. ते 'घर' लिहिणार की 'दुकान', यावर पट्टी साधी बसणार की चौपट, हे ठरणार होतं. चौपट बसली तर ती भरायला खुर्चीच विकावी लागली असती. बायकोने वस्तरे पिठाच्या डब्यात दडवले, केशरचनांचा तक्ता उलटा केला आणि जमिनीत बोल्टने आवळलेली खुर्ची काही हलेना म्हणून तिच्यावर चादर टाकली.

निरीक्षक आले. उन्हाने दमलेले, दाढीचे खुंट वाढलेले.

"घरात एवढा मोठा आरसा?"

"हिला नटायची हौस." सलूनवाल्यांच्या पाठीत चिमटा बसला.

"आणि समोरच्या भिंतीवर दुसरा?"

"मागून कशी दिसते, तेही बघते ती."

"ही खुर्ची वरखाली होते की हो!"

"सासरेबुवांची आहे. त्यांचे गुडघे वाकत नाहीत."

"कुठायत ते?"

"फिरायला गेलेत."

तेवढ्यात नेहमीचा पोस्टमन आत शिरला, बाकावर बसला आणि पेपर उघडून वाचू लागला.

"माझा भाऊ," बायको घाईघाईने म्हणाली.

मागोमाग शेजारचा किराणावाला डोकावला. "माझ्या आधी किती नंबर आहेत?"

"जेवायचे नंबर, साहेब," सलूनवाले म्हणाले. "घर लहान, नातेवाईक फार."

"जेवण आहे?" किराणावाला खूश होऊन पोस्टमनशेजारी टेकला.

निरीक्षकांनी सुस्कारा टाकला. "बरं, घर म्हणून लिहितो." आणि लिहायला म्हणून चादर बाजूला सारून ते त्या खुर्चीतच बसले.

इथे घात झाला. सलूनवाल्यांचं मन आनंदात तरंगत होतं. हात मात्र आपल्या कामाला लागले. खुर्चीत माणूस बसला एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी चादर गळ्याभोवती गुंडाळली, खुर्ची मागे कलली, फेस चढला. पिठाच्या डब्यातून वस्तरा निघाला, पीठ झटकलं गेलं. बायको आरशातून खुणा करून थकली. निरीक्षकांचे डोळे सुखाने मिटले होते. डावा गाल संपला, तेव्हा तिने कपाळावर एवढ्या जोरात हात मारला की दोघेही भानावर आले.

निरीक्षकांनी आरशात पाहिलं. डावा गाल चकचकीत, उजव्यावर फेस.

"हे घर असेल, तर परक्याच्या घरी दाढी करून घेणं बरं नाही," ते शांतपणे म्हणाले. "मी असाच निघतो. भर बाजारातून. कुणी केली म्हणून विचारलं, तर तुमचं नाव सांगतो."

सलूनवाले पांढरेफटक पडले. चौपट पट्टी एकवेळ सोसता येईल. पण आपल्या हातची अर्धी दाढी गावभर फिरणार?

"दुकान आहे, साहेब!" ते कळवळून ओरडले. "वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान आहे! बसा!"

बायको मटकन खाली बसली.

"म्हणजे जेवण नाही?" किराणावाल्याने विचारलं.

निरीक्षकांनी फेसाचा थेंब कागदावर पडू न देता 'दुकान' असं लिहिलं, पेन खिशाला लावलं आणि मान पुन्हा मागे टेकवली.

"कल्ले तेवढे सारखे करा," ते म्हणाले.