दोन बोटं पाणी

आमच्या शेजारचे हणमंततात्या दर रविवारी सकाळी गाडीत पाण्याने भरलेला तांब्या ठेवून साताऱ्याहून सांगलीला जायचे, तिथे कृष्णेच्या घाटावर ते पाणी पिऊन टाकायचे आणि परत यायचे. सांगलीत त्यांचं दुसरं काही काम नसायचं.

तांब्या पितळी, काठोकाठ भरलेला, वर झाकण नाही. तो कापडाच्या चुंबळीवर बसवलेला आणि चुंबळ गाडीतल्या फळीला खिळ्यांनी ठोकलेली. त्याला हात न लावता नुसतं बघत बसायचं आणि सांगलीत पोचल्यावर किती सांडलं ते सांगायचं, हे काम माझ्याकडे होतं. मी शाळेत भूगोल शिकवायचो. नद्या, धरणं, पाणलोट क्षेत्रं मी जन्मभर फळ्यावर काढली, पण पाण्याकडे इतका वेळ टक लावून बघायची पाळी माझ्यावर तात्यांनीच आणली.

वाटेत मी काही बोलायला गेलो की पुढून आवाज यायचा, "मास्तर, आपण बोलायचं न्हाई. पानी बोलंल."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. भाजीवाली म्हणाली मेथी ताजी आहे, की तात्या म्हणणार, "तू बोलू नगंस, भाजी बोलंल." माझ्या मुलाचा दहावीचा पेपर सोपा गेला, तर, "त्यो बोलतोय ते ऱ्हाऊ द्या, निकाल बोलंल." निकाल बोलला, आणि महिनाभर मी तात्यांशी बोललो नाही.

तीस वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त करून आलेला हा माणूस. मूळचा कोरेगावकडचा. मिशा पांढऱ्या, नखं कायमची काळी. साताऱ्यात घरामागे पत्र्याची शेड घालून त्यात एका गाडीशिवाय दुसऱ्या कशालाही त्यांनी जागा दिली नव्हती.

गाडी विलायती. साठ सालाच्या आसपासची, चार दारांची सलून, नाकावर झेप घेणारं जनावर बसवलेलं. आमच्या पेठेत तिला सरळ ‘मांजर’ म्हणत. तात्या सांगायचे की तिकडे विलायतेत चोरही हीच गाडी पळवायचे आणि त्यांना धरायला पोलीसही हीच घेऊन निघायचे, कारण हिला गाठायचं तर हीच लागायची. मिरजेच्या एका गोठ्यात कडब्याखाली ती त्यांना सापडली. तिच्या अस्सल चामड्याच्या सीटवर एक कोंबडी खुडूक बसली होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत गाडी हलवू देणार नाही, असं मालकीणबाईंनी बजावल्यामुळे तात्या बारा दिवस मिरजेत मुक्काम ठोकून राहिले.

त्या काळात आमच्याकडे जुनी पेट्रोल गाडी घेतली, की पहिल्या आठवड्यात तिचं इंजिन काढून डिझेलचं बसवायची रीत होती. ट्रॅक्टरचं, टेम्पोचं, पाण्याच्या पंपाचंसुद्धा. जो भेटेल तो तात्यांना सांगायचा, "डिझेल टाका." कराडच्या एका मिस्त्रीने सांगितलं तेव्हा तात्यांनी त्याला इंजिन चालू करून दाखवलं आणि बॉनेटवर तांब्या ठेवला. पाण्यावर तरंग उठला नाही. "तुजं डिझेल ठेव हितं," तात्या म्हणाले, "तांब्या नाचत खाली येतोय का न्हाई बघ."

सहा सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, आणि तरी तात्यांना ताकद पुरेना. त्यांनी इंजिन तीनदा उतरवलं. हवा आत जायच्या वाटा हाताने घासून आरशासारख्या केल्या, कार्ब्युरेटरची तोंडं मोठी करून घेतली. मी म्हटलं, "तात्या, या वयात शर्यतीत उतरणार आहात काय?" ते गंभीरपणे म्हणाले, "उसाच्या ट्रॅक्टरला वलांडताना गिअर टाकाय लागतो मास्तर. गिअर टाकला की हिसका बसतोय. ताकद आसली की नुसतं पाय दाबायचा. लोण्यातनं सुरी गेल्यागत गाडी फुडं."

दुसरीकडे मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतलं एक पान काढून टाकलं, म्हणजे गाडी मऊ झाली. मऊ झाली तशी ती वळणावर झोके खायला लागली. मग शॉकॲब्सॉर्बर बदलले. झोके थांबले, पण धक्के परत आले. तीन वर्षं हा माणूस झोका आणि धक्का यांच्यामध्ये अडकून होता.

हे सगळं कशासाठी, ते आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी हसायचं ते तात्यांची पाठ वळल्यावर.

त्यांची बायको, वत्सलाकाकी, सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. पाठीच्या मणक्याचं दुखणं. कॉटला कुणाचा धक्का लागला तरी त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. त्यांचं माहेर सांगलीत, घाटापासून जवळच. तिथे त्यांची आई होती, नव्वदीची, खुबा मोडून पडलेली आणि ठार बहिरी, त्यामुळे टेलिफोनचा उपयोग नाही. या आईला उठवत नाही, त्या लेकीला हलवत नाही. मध्ये सव्वाशे किलोमीटर. सहा वर्षं दोघींची भेट नव्हती.

एकदा भाड्याची मॅटाडोर करून त्यांना नेऊन बघितलं होतं. उंब्रजपर्यंत पोचायच्या आत काकींची शुद्ध हरपली आणि गाडी माघारी फिरवावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं की दुखणं दाबायची सुई दिली तर तिचा असर दीड तास टिकेल, पण त्या वेळातही हिसके सोसणार नाहीत. दुसरा कुणी असता तर त्याने नशिबाला दोष देऊन विषय मिटवला असता. तात्यांनी त्यातून दोन ऑर्डरी काढल्या. दीड तासाच्या आत सांगली, आणि पाण्याचा थेंब सांडता कामा नये.

म्हणून गाडीतली डावीकडची पुढची सीट आणि मागची अर्धी सीट काढून तिथे लांब फळी घातली होती. फळीवर काथ्याची गादी, गादीवर रबराची. काकींची कंबर जिथे येणार होती तिथे गाद्यांना भोक पाडून चुंबळ ठोकलेली. माझी जागा मागे, तात्यांच्या पाठीशी.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचा प्रत्येक खड्डा त्यांना तोंडपाठ होता आणि प्रत्येकाला नाव होतं. नागठाण्याचा थोरला, पेठ नाक्याची जाऊबाई, आष्ट्याची सासू. डिकीत दोन घमेली मुरूम आणि तो ठोकून बसवायचा धुमुस असायचा. परतीच्या वाटेवर घाई नसायची, तेव्हा तात्या उतरून खड्डे भरायचे. लोकांना वाटायचं, बांधकाम खात्याचे साहेब आले. इस्लामपूरच्या अलीकडे एका गावाने त्यांना नारळ देऊन पाणंद रस्त्याची तक्रार लेखी दिली होती. तात्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि पुढच्या रविवारी त्या पाणंदीतही दोन घमेली मुरूम टाकला.

सांगलीत पोचलं की मी रिपोर्ट द्यायचा. एक तास पन्नास मिनिटं, चार बोटं पाणी कमी. एक तास चाळीस, पाच बोटं. एक तास तीस, तीन बोटं. मग तात्या घाटाच्या पायरीवर बसून ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे आणि कमी पडलेल्या बोटांकडे बघावं तसं तांब्यात बघत राहायचे. दीड तासाच्या आत आम्ही पोचायला लागलो, पण पाणी दोन बोटांवर येऊन अडलं. पुढचे सात-आठ महिने दोन बोटं म्हणजे दोन बोटं.

चैत्रात सांगलीहून कार्ड आलं. म्हातारीने जेवण सोडलं होतं आणि सारखी ‘वच्छी, वच्छी’ करत होती.

त्या रविवारी आष्टा ओलांडल्यावर मी तांब्यात बघितलं. दोन बोटं कमी. माझ्या मांडीवर माझी पाण्याची बाटली होती. ऊन चढलं होतं, तात्यांचे डोळे रस्त्यावर होते, आणि मी बाटली उघडून तांब्या काठोकाठ भरला. दया आली म्हणून भरला असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे निम्मी दया होती आणि निम्मा कंटाळा. तीन वर्षं माझा रविवार त्या तांब्यात बुडाला होता. आणि दोन बोटं पाण्याने असं काय मोठं होणार आहे, असं मला मनापासून वाटत होतं.

घाटावर मी म्हटलं, "एक तास सत्तावीस मिनिटं. थेंब सांडला नाही तात्या."

तात्यांनी तांब्या उचलला. प्यायले. मध्ये थांबले, पुन्हा प्यायले. "आज पानी गोड हाय," एवढंच म्हणाले.

बुधवारी निघायचं ठरलं. मी शाळेत रजा टाकली. सकाळी डॉक्टरांनी सुई दिली, गाद्यांचं भोक कापसाने बुजवून चौघांनी चादरीच्या झोळीतून काकींना उचलून फळीवर ठेवलं. त्यांचं डोकं माझ्या शेजारी आलं. नेसायला ठेवणीतलं इरकल होतं आणि हातात एक पंचा. तात्या स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी मागचं दिसायचा आरसा हाताने वर, छताकडे वळवला. मला वाटलं, चुकून हात लागला असेल.

गाडी निघाली. खरंच लोण्यातनं निघाली. आणि नागठाण्याच्या थोरल्याला चुकवताना चाक जरासं, अगदी जरासं उतरलं. माझ्या बुडाला ते कळलंसुद्धा नाही. काकींनी पंच्याचं टोक तोंडात घातलं आणि दातांनी आवळलं. कपाळावर एकदम घाम फुटला.

"वत्सला, बरं हाय न्हवं?" पुढून आवाज आला.

काकींनी पंचा बाहेर काढला, श्वास घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "छान चाललीय हो. झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतंय." आणि पंचा पुन्हा तोंडात घातला.

उंब्रजला हेच झालं. कराडला हेच. इस्लामपूरपर्यंत तात्यांनी नऊ वेळा विचारलं आणि नऊ वेळा काकींनी पंचा काढून छान म्हणून सांगितलं. त्यांच्या डाव्या हाताने दाराची मूठ धरली होती. उजव्या हाताने माझं मनगट धरलं होतं, आणि सहा वर्षं अंथरुणात पडलेल्या बाईच्या हातात एवढा जोर कुठून आला असेल ते मला कळेना. दोन बोटं पाणी म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी अनेकदा ‘तात्या, थांबा’ म्हणायला तोंड उघडलं. प्रत्येक वेळी काकींनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून.

एक तास सव्वीस मिनिटांत आम्ही सांगलीत होतो. काकींना लगेच उतरवण्यात अर्थ नव्हता, म्हणून काकींच्या भाच्यांनी म्हातारीलाच खुर्चीत घालून गाडीपाशी आणलं. म्हातारीने दारातून हात आत घातला, लेकीचं तोंड चाचपलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं विचारलं, "वच्छे, जेवलीस का गं?"

काकी तेव्हा रडल्या. सबंध वाटेत रडल्या नव्हत्या.

मायलेकींच्या कॉट शेजारी शेजारी लावल्या. अकरा दिवसांनी म्हातारी गेली. काकींना परतीचा प्रवास करावा लागला नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत त्याही सांगलीतच गेल्या आणि तात्या मोकळी फळी घेऊन साताऱ्याला आले.

मला जेवण गोड लागेना. माझ्या मनगटावरचे वळ कधीच गेले होते, पण मला ते दिसायचे. श्रावणात एका रविवारी मी शेडमध्ये गेलो. तात्या गाडी पुसत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "तात्या, त्या दिवशी थेंब सांडला नव्हता हे खोटं होतं. मी बाटलीतलं पाणी ओतलं होतं. मी तसं केलं नसतं तर तुम्ही काकींना नेलं नसतं."

तात्यांचा हात थांबला नाही. "वाळ्याचं पानी," ते म्हणाले. "तुमच्या घरी माठात वाळा घालत्यात. आमच्या घरी न्हाई. घाटावर तोंडाला लावल्याबरुबर कळलं मला."

"मग नेलंत कशाला?"

"घरी यिऊन तिला सांगितलं. म्हणलं, मास्तरनं पानी वतलंय. दोन बोटं तरी सांडल्यालं आसंल. न्हाई जमायचं. तर म्हणाली, दोन बोटं मी सोसते. पन मास्तरांना कळू दिऊ नका, बिचाऱ्यांनी मायेनं केलंय. आन् तुमी मागं बघायचं न्हाई. बघितलं तर तुमी थांबाल."

ते गाडीच्या काचेवर फडकं फिरवत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"छान छान म्हणत हुती न्हवं," ते म्हणाले. "लय वरडली आसंल आतल्या आत. व्हय का वो मास्तर?"

मी माझ्या मनगटाकडे बघितलं, आणि पानी बोलंल म्हणणाऱ्या त्या माणसाला तेवढं पुरलं. त्यांनी फडकं दारावर वाळत घातलं, आत जाऊन तांब्या भरून आणला आणि चुंबळीवर ठेवला.

"बसा," म्हणाले. "आयतवार हाय."

मी माझ्या जागी बसलो. बाटली घरीच ठेवून आलो होतो. तात्यांनी गाडी हळू चालवली, ट्रॅक्टरच्या मागे मागे, एकालाही ओलांडलं नाही. सांगलीला पोचायला अडीच तास लागले आणि घाटावर मी तांब्यात बघून सांगितलं, "थेंब सांडला नाही तात्या."

या खेपेला ते खरं होतं. तात्या पाणी प्यायले नाहीत. चार पायऱ्या उतरून त्यांनी ते नदीत सोडलं, रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. आरसा अजून छताकडेच होता. मी हात लांब करून तो खाली वळवायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."